डेटा लॉगर प्रदान नियंत्रण

डेटा लॉगर प्रदान नियंत्रण म्हणजे डेटा लॉगरने आपल्या नोंदी संगणकाला केव्हा, किती वेगाने आणि कोणत्या रूपात द्याव्यात हे ठरवणारी व्यवस्था होय. डेटा लॉगर (विदा नोंदक) हे तापमान, आर्द्रता, पाऊस, विद्युतदाब यांसारख्या राशी संवेदकांद्वारे ठरावीक अंतराने मोजून प्रत्येक मापन दिनांक व वेळेसह स्मृतीत साठवणारे उपकरण आहे. उत्पादकाच्या सॉफ्टवेअरऐवजी वापरकर्त्याने स्वतःच्या गरजेनुसार तयार केलेले सॉफ्टवेअर वापरल्यास या नियंत्रणाची जबाबदारी त्या सॉफ्टवेअरवर येते. ते सदोष असल्यास नोंदी गळतात किंवा बिघडतात आणि तसे झाल्याचे अनेकदा लक्षातही येत नाही.

प्रदानाच्या पद्धती

प्रदानाच्या मुख्य पद्धती दोन आहेत. अखंड प्रदानात उपकरण न विचारता नोंदी पाठवत राहते. नौकानयनातील व जीपीएस उपकरणांत प्रचलित असलेला एनएमईए ०१८३ हा संकेत याचे उदाहरण आहे. पृच्छा पद्धतीत संगणकाने आज्ञा दिल्यावरच उपकरण उत्तर देते. मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला मॉडबस हा संकेत या प्रकारचा आहे. पृच्छा पद्धतीत वेग सॉफ्टवेअरच्या हाती राहतो. मात्र उत्तर न आल्यास किती वेळ थांबायचे व किती वेळा पुन्हा विचारायचे हे आधी ठरवावे लागते. अखंड प्रदान चालू असताना आज्ञा पाठवल्यास तिचे उत्तर नोंदींच्या प्रवाहात मिसळू शकते. त्यामुळे आधी प्रदान थांबवून, साठलेली जुनी अक्षरे रिकामी करून मग आज्ञा देणे श्रेयस्कर ठरते.

प्रवाह नियंत्रण

सेकंदाला ९६०० बिट वेगाच्या अनुक्रमी जोडणीत आरंभ व अंत बिट धरून एका अक्षरास सामान्यतः १० बिट लागतात. म्हणजेच सेकंदाला ९६० अक्षरे जातात. दर मिनिटाला एक याप्रमाणे ३० दिवसांच्या ४३,२०० नोंदी होतात. प्रत्येक नोंद ४० अक्षरांची असल्यास त्या उतरवून घेण्यास ३० मिनिटे लागतात. या काळात संगणक अन्य कामात गुंतल्यास त्याची तात्पुरती स्मृती भरते आणि पुढील अक्षरे नष्ट होतात.

हे टाळण्यासाठी 'थांबा' व 'पाठवा' असे संकेत वापरतात. एक्सऑफ (आस्की क्रमांक १९) मिळताच उपकरण थांबते आणि एक्सऑन (क्रमांक १७) मिळताच पुन्हा सुरू होते. द्विमान रूपातील मापनांत १७ किंवा १९ हे मूल्य सहज येऊ शकते व ते संकेत म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो. अशा वेळी स्वतंत्र तारांवरून होणारे आरटीएस-सीटीएस नियंत्रण अधिक योग्य असते.

संदेशाची रचना व त्रुटिशोधन

अनुक्रमी द्वारातून एका वाचनात एक पूर्ण ओळ मिळेलच असे नाही. म्हणून ओळीच्या समाप्तीचे चिन्ह येईपर्यंत अक्षरे साठवून नंतरच त्यांचा अर्थ लावतात. काही युरोपीय देशांत दशांश चिन्हासाठी स्वल्पविराम वापरला जातो. स्तंभ वेगळे करण्यासाठीही तेच चिन्ह असल्यास एका मापनाची दोन मापने होतात.

एनएमईए ०१८३ मध्ये ओळीच्या शेवटी तपासणी बेरीज जोडता येते. मात्र ती अक्षरांची अदलाबदल ओळखू शकत नाही. मॉडबसच्या आरटीयू प्रकारातील १६ बिटांची सीआरसी तपासणी अधिक भरवशाची असते. तपासणीत न उतरलेली नोंद दुरुस्त करण्याचा प्रयत्न न करता ती पुन्हा मागवतात.

गहाळ नोंदी व वेळ

न मिळालेल्या मापनाच्या जागी शून्य लिहिणे ही गंभीर चूक मानली जाते. अनेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात साठवल्या जातात आणि हिपॅटायटिस-बीसारख्या लसी गोठल्यास निकामी होतात. लसींच्या शीतकपाटाच्या नोंदीत असे शून्य आल्यास चांगल्या लसी टाकून दिल्या जाण्याची शक्यता असते; शून्य सवयीने दुर्लक्षिले गेल्यास खरेच गोठलेल्या लसी वापरात येऊ शकतात. म्हणून गहाळ मापनाची जागा रिकामी ठेवतात किंवा तेथे वेगळी खूण करतात.

नोंदीला संगणकाला ती मिळाल्याची नव्हे, तर उपकरणाने मापन केल्याची वेळ जोडतात. काही देशांत हंगामानुसार घड्याळे पुढेमागे केली जातात. तेथे स्थानिक वेळेत एक तास दोनदा येतो. त्यामुळे वैश्विक वेळेत (यूटीसी) नोंद ठेवण्याची पद्धत आहे. भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे आहे.

स्मृती पुसणे

स्मृती भरल्यावर काही उपकरणे नोंद थांबवतात, तर काही सर्वांत जुन्या नोंदींवर नव्या लिहितात. स्मृती पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी नोंदींची संख्या व तपासणी बेरीज जुळवून, त्या संगणकावर कायमस्वरूपी साठल्याची खात्री केली जाते. तोपर्यंत उपकरणातील प्रत हीच मूळ नोंद असते. ती पुसल्यानंतर झालेली गळती भरून काढता येत नाही, कारण गेलेल्या क्षणाचे मापन पुन्हा घेता येत नाही.