सीमेने ओलांडलेली माणसे : डहाणू-तलासरीतील भाषिक अल्पसंख्य

‘भाषिक अल्पसंख्य’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा स्थलांतरित उभा राहतो. आपला मुलूख सोडून दुसऱ्यांच्या मुलखात आलेला, घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणारा. अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांविषयीही आपली समजूत साधारण अशीच असते. प्रत्यक्षात त्यांतील एक जुना समूह कोठूनही आलेला नाही. १८४८ साली ग्वादालुपे हिदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा विस्तीर्ण उत्तर भाग अमेरिकेकडे गेला. न्यू मेक्सिको वा कॅलिफोर्नियातील स्पॅनिश भाषक कुटुंबे होती तेथेच राहिली. देश मात्र बदलला. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडले, असे त्यांचे वंशज म्हणत आले आहेत ते या अर्थाने. एका वर्षाच्या आत मेक्सिकोचे नागरिकत्व राखण्याचा निर्णय कळवण्याची मुभा त्या तहाने दिली होती. न कळवणारा अमेरिकेचा नागरिक ठरणार होता.

अशी सीमा आपल्या घराजवळही आहे. मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे जाताना डहाणू, घोलवड मागे पडले की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. गाडी उंबरगाव, संजाणला पोहोचते तेव्हा फलाटावरची लिपी बदललेली असते. भात, ताड, चिकूच्या वाड्या, मागचे डोंगर यांत मात्र फरक पडलेला दिसत नाही. ही रेषा १ मे १९६०ची आहे. तोवर उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. मुंबई राज्याच्या विभाजनात त्याची सत्तेचाळीस गावे आणि तीन शहरे गुजरातच्या तत्कालीन सुरत जिल्ह्यात गेली. उरलेली सत्तावीस गावे आधी डहाणू तालुक्याला जोडली गेली आणि १९६१ मध्ये त्यांचा स्वतंत्र तलासरी महाल झाला. म्हणजे आज ज्याला आपण तलासरी तालुका म्हणतो तो एका भाषिक वाटणीचा शेष आहे. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तलासरी त्याच्या उत्तर टोकाला आली. पलीकडचे उंबरगाव आज वलसाड जिल्ह्यात आहे.

या वाटणीचा इतिहास आपण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा उपसंहार म्हणून वाचतो. डांग कोणाचे, उंबरगाव कोणाचे, डहाणू कोणाची, या वादांत दोन्ही बाजूंनी व्याकरणाचे दाखले दिले गेले. अमुक बोलीतला प्रत्यय मराठीला जवळचा की गुजरातीला, हा एरवी भाषाशास्त्राच्या वर्गात चर्चिला जाणारा प्रश्न तेव्हा महसुली सीमा ठरवू पाहत होता. ज्यांच्या प्रत्ययांवर वाद चालला होता ती माणसे वारली, कोकणा, धोडिया, दुबळा अशा आदिवासी जमातींची होती. तुमची भाषा कोणती, असे त्यांना विचारण्याऐवजी त्यांची भाषा कोणाची, एवढेच ठरवायचे होते. पहिल्या प्रश्नात बोलणारा माणूस असतो. दुसऱ्यात केवळ मालमत्ता असते. प्रस्तुत लेखाचा रोख या फरकावर आहे.

हा किनारा भाषिक अल्पसंख्यांना नवा नाही. पारशांच्या परंपरेतील ‘किस्सा-ए-संजाण’ हे फारसी काव्य बहमन कैकोबाद याने १५९९ मध्ये रचले. इराणातून आलेल्या जरथुष्ट्रींना संजाणच्या जादी राण्याने आश्रय देताना काही अटी घातल्या, अशी कथा त्यात येते. शस्त्रे खाली ठेवावीत, स्त्रियांनी येथला वेष स्वीकारावा आणि येथली भाषा बोलावी, या त्यांतल्या अटी प्रसिद्ध आहेत. कथा किती ऐतिहासिक हा वेगळा विषय. भाषेची अट घालणारा राजा आणि ती मान्य करणारे आश्रित असे चित्र एका समाजाने आपल्या उगमकथेत जपून ठेवले, हे साहित्याच्या अभ्यासकाला पुरेसे बोलके आहे. पुढे गुजराती ही पारशांची घरची, धर्मचर्चेची आणि रंगभूमीची भाषा झाली. अलीकडच्या काळात, मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकात, इराणातून आलेले इराणी जरथुष्ट्रीही डहाणू-घोलवडच्या पट्ट्यात स्थिरावले, त्यांनी चिकूच्या वाड्या लावल्या आणि गुजराती आत्मसात केली. १९६० नंतर हे पारशी-इराणी आणि गुजराती भाषक व्यापारी महाराष्ट्रात भाषिक अल्पसंख्य झाले. पलीकडे राहिलेले मराठी भाषक गुजरातेत झाले.

या दोन्ही अल्पसंख्यांची राज्यघटनेने दखल घेतली आहे, हे नमूद करायला हवे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. भाषावार राज्ये होत असतानाच हे कलम यावे, हा योगायोग नव्हे. कोठेही रेषा काढली तरी काही माणसे चुकीच्या बाजूला राहणार, याची ती कबुली होती. अमेरिकेतही असे प्रयत्न झाले. १८४९ च्या कॅलिफोर्नियाच्या संविधानाने कायदे स्पॅनिशमध्येही प्रसिद्ध करण्याची तरतूद केली होती. १८७९ च्या संविधानाने ती काढून टाकली. १९१२ मध्ये राज्य झालेल्या न्यू मेक्सिकोने मात्र स्पॅनिश भाषक मुलांना शिकवता यावे म्हणून शिक्षकांना स्पॅनिशचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आपल्या संविधानात ठेवली.

येथवर तुलना सरळ चालते. पुढे ती अधिक उपयोगी होते, कारण न्यू मेक्सिकोच्या भूमीवर स्पॅनिश ही काही मूळची भाषा नव्हे. १५९८ पासून तेथे वसाहत करणाऱ्या स्पॅनिशांनी प्युब्लो समाजांवर राज्य केले होते. इंग्रजीपुढे अन्यायग्रस्त ठरलेली स्पॅनिश स्वतः कोणाच्या तरी भाषेवर उभी होती. इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या वादात नवाहो किंवा प्युब्लो भाषांचे नाव दीर्घकाळ निघालेच नाही. डहाणू-तलासरीत मराठी आणि गुजराती यांचे नाते नेमके असे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्यात दोन तृतीयांशांहून अधिक आणि तलासरीत दहांपैकी सुमारे नऊ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. संख्येचाच निकष लावायचा तर येथे अल्पसंख्य कोण, याचे उत्तर सोपे आहे. परंतु शाळा, कचेरी, न्यायालय आणि सावकाराची वही यांच्या हिशेबात हे बहुसंख्य अल्पसंख्याहूनही उणे ठरतात. अल्पसंख्याला निदान ‘भाषा’ असते. यांच्या वाट्याला ‘बोली’ येते. आणि ती कोणाची बोली, हेही एकदाच ठरून गेलेले नाही. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात वारलीचे नमुने मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, दिले. शेजारची धोडिया मात्र भिली भाषांच्या खंडात गेली. २००१ आणि २०११ च्या जनगणनेच्या भाषासूचीत वारली मराठीखाली नसून ‘भिली/भिलोडी’ या गटाखाली मोजलेली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात, ज्याचे संपादन अरुण जाखडे यांनी केले, ती स्वतःच्या नावाने येते. एकच बोली कधी मराठीची पोटभाषा, कधी भिलीची, कधी स्वतंत्र. बोलणाऱ्याच्या तोंडातले शब्द या तिन्ही वेळी तेच होते. बदलला तो कप्पा.

भाषेचा हा अभाव केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. सायमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालाने मुंबई प्रांतातील आदिवासींची वेठ आणि कर्जबाजारीपणा नोंदवला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या ‘लग्नगड्या’ची प्रथा याच टापूतली. कर्जाचा कागद ज्या भाषेत आणि लिपीत लिहिला जाई, ती अंगठा उठवणाऱ्याची नसे. जमीनदारांत पारशी होते, इराणी होते, गुजराती वाणी होते, तसे मराठी बोलणारेही होते. मराठी की गुजराती हा वाद वारल्याच्या दृष्टीने पुष्कळदा दोन सावकारांमधला वाद होता, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, परंतु खोटे ठरणार नाही.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठीला नकार देण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोळीबारात पाच जण मारले गेले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. वाटणीनंतर ते तलासरीत आले. हा लढा मराठी वाचकांपर्यंत सर्वांत समर्थपणे पोहोचवला तो गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ने. १९७० चे हे पुस्तक १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवले गेले आणि पुढच्या काळात अभ्यासक्रमांतही गेले. त्याच्या थोरवीविषयी दुमत असू नये. तरीही एक गोष्ट विद्यार्थ्यांपुढे ठेवावीशी वाटते. वारल्यांच्या उठावाचे आपल्याला परिचित असलेले मुख्य कथन पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या एका बाईंच्या लेखणीतून, प्रमाण मराठीत, घटनेनंतर पंचवीस वर्षांनी आले. लेखिकेने हे अंतर प्रामाणिकपणे पार केले. म्हणून अंतर नव्हतेच, असे मात्र होत नाही. पुस्तकाच्या नावातील ‘माणूस’ जागा झाला तेव्हा तो कोणत्या भाषेत बोलला, हा प्रश्न आपण वर्गात क्वचितच विचारतो.

शिक्षणाच्या क्षेत्रात याच वर्षी, १९४५ मध्ये, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. ताराबाई मराठी, पण त्यांची बालशिक्षणाची घडण झाली ती भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या सहवासात, गुजरातीच्या वातावरणात. ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि नंतर मराठीत निघाली. मराठी-गुजरातीची सीमा या बाईंनी कामापुरती पुसून टाकली होती. शाळेत न येणाऱ्या, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेणारी ‘कुरणशाळा’ हा कोसबादचा शोध. शाळा मुलाकडे गेली पाहिजे हे त्यांनी जागेच्या बाबतीत सिद्ध केले. हेच तत्त्व भाषेला लावले तर शाळेने मुलाच्या भाषेकडेही जायला हवे. कोसबादचा वारसा सांगणाऱ्या आपल्या शिक्षणव्यवस्थेने हा दुसरा प्रवास सार्वत्रिक केला नाही.

परिणाम असा की सीमेच्या दोन अंगांना एकाच जमातीची मुले दोन लिप्यांत साक्षर होतात. तलासरीकडचा वारली मुलगा देवनागरी गिरवतो, उंबरगावकडचा गुजराती. पूर्वेला दादरा-नगर हवेली आहे. १९५४ पर्यंत तेथे पोर्तुगीज अंमल होता आणि तेथेही वारलीच मोठ्या संख्येने राहतात. लग्नात धवलेरीने म्हटलेले गाणे या सर्वांना कळते. एकाने लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येईलच असे नाही. शिक्षणाने माणसे जोडली जातात असे आपण सांगतो. येथे निरक्षर पिढीत जे सलग होते ते साक्षर पिढीत दुभंगले.

वारल्यांचे चित्र मात्र सीमा ओलांडून जगभर गेले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या तांदळाच्या पांढऱ्या रेषांना कोणत्याही संग्रहालयात दुभाष्या लागला नाही. कदाचित म्हणूनच आपण वारल्यांना चित्रात पाहायला इतके उत्सुक असतो. देवचौकाभोवती लग्नाच्या वेळी गायले जाणारे शब्द, भगताचे आवाहन, कणसरीची कथा हे सारे त्या चित्राचेच अंग आहे. ते ऐकायचे तर भाषा शिकावी लागते. चित्र भिंतीवर लावता येते, भाषेला उत्तर द्यावे लागते.

मराठी विभागांत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हा विषय टाळता येण्यासारखा नाही. बेळगाव-कारवारच्या मराठी भाषकांवर होणाऱ्या अन्यायाविषयी आपण योग्यच पोटतिडकीने बोलतो. तेथे मराठी अल्पसंख्य आहे आणि आपली बाजू न्यायाची आहे. परंतु तोच न्यायाचा निकष उत्तरेकडे नेला की डहाणू-तलासरीत आपण राज्यकर्त्या भाषेच्या खुर्चीत बसलेले आढळतो. ३५०-क हे कलम निपाणीच्या मुलाला लागू पडते तसे झरीच्या मुलालाही लागू पडायला हवे. ‘त्याची भाषा म्हणजे मराठीच की’ असे म्हणून ते परतवता येणार नाही, कारण नेमके हेच वाक्य १९६० पूर्वी दोन्ही बाजूंनी, आपापल्या भाषेचे नाव घालून, उच्चारले जात होते.

करण्यासारखे काम मोठे नाही, पण चिकाटीचे आहे. पदव्युत्तर वर्गात बोलींचा पेपर असतो. त्यात वारली हा ‘मराठीचा एक भेद’ म्हणून दोन परिच्छेदांत आटोपतो. त्या परिसरातून आलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असताना त्याची भाषा पुस्तकातून शिकवण्याऐवजी त्याच्याकडून नोंदवून घेता येईल. सीमेपलीकडच्या गुजराती विभागांतील सहकाऱ्यांशी मिळून एकच गीत दोन लिप्यांत छापता येईल. वारलीचे स्थान मराठीत की भिलीत, हा निर्णय पंडितांनी सावकाश करावा. दरम्यान ती बोलणाऱ्यांना ती वाचायला मिळावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.