हेडली व्हेरिटी

हेडली व्हेरिटी (१८ मे, १९०५ – ३१ जुलै, १९४३) हे यॉर्कशायर व इंग्लंड यांच्याकडून खेळलेले क्रिकेटपटू आणि दुसऱ्या महायुद्धात ग्रीन हॉवर्ड्स या पलटणीत कॅप्टन होते. १९३०च्या दशकातील ते अग्रगण्य डावखुरे मंदगती गोलंदाज मानले जातात. सिसिलीतील लढाईत झालेल्या जखमांमुळे इटलीत युद्धकैदी असताना त्यांचा मृत्यू झाला.

कारकीर्द

व्हेरिटी यांचा जन्म लीड्समधील हेडिंग्ले येथे झाला. लँकेशायरच्या लीग क्रिकेटमध्ये काही वर्षे घालविल्यानंतर १९३० साली, म्हणजे पंचविसाव्या वर्षी, त्यांना यॉर्कशायरच्या संघात प्रवेश मिळाला. त्याच वर्षी विल्फ्रेड ऱ्होड्स निवृत्त झाले व त्यांची जागा या नवोदिताकडे आली. व्हेरिटींनी आपल्या थोरल्या मुलाचे नाव विल्फ्रेड ठेवले, ते याच पूर्वसूरींवरून.

मंदगती म्हटले, तरी त्यांचा चेंडू जवळजवळ मध्यमगतीने येत असे. त्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्याच राहत. ओल्या खेळपट्टीवर ऊन पडले की त्यांना खेळणे अवघड होई. १२ जुलै, १९३२ रोजी हेडिंग्ले येथे नॉटिंगहॅमशायरविरुद्ध असेच झाले. उपाहारापर्यंत बिनबाद असलेला पाहुण्यांचा डाव ६७ धावांत आटोपला. व्हेरिटींचे पृथक्करण होते १९.४ षटके, १६ निर्धाव, १० धावा, १० बळी. त्यात एक हॅट्ट्रिकही होती. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हा विक्रम अद्याप अबाधित आहे. तत्पूर्वी, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशीच त्यांनी वॉरविकशायरचे दहाही गडी ३६ धावांत बाद केले होते.

१९३४च्या लॉर्ड्स कसोटीत त्यांनी ऑस्ट्रेलियाचे १०४ धावांत १५ गडी बाद केले, त्यांपैकी १४ एकाच दिवशी. विसाव्या शतकात इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला लॉर्ड्सवर हरविले ते या एकाच सामन्यात. डॉन ब्रॅडमन यांना कसोटीत सर्वाधिक म्हणजे आठ वेळा बाद करणारे गोलंदाजही व्हेरिटीच. केवळ पावसाच्या कृपेने बळी मिळविणारा गोलंदाज अशी त्यांची संभावना करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

डग्लस जार्डिन यांच्या नेतृत्वाखाली ते १९३३-३४ मध्ये भारतात आले. भारतभूमीवरील पहिली कसोटी मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर झाली, तीत ते खेळले. मद्रास कसोटीत त्यांनी पहिल्या डावात ४९ धावांत ७ बळी घेतले. एकूण ४० कसोटींत त्यांचे १४४ बळी असून, प्रथम श्रेणीत १४.९० च्या सरासरीने १,९५६ बळी आहेत.

युद्धसेवा

१९३८च्या म्युनिक पेचप्रसंगापासूनच व्हेरिटी यांनी युद्ध अटळ मानले होते. ग्रीन हॉवर्ड्समधील एका परिचित अधिकाऱ्याकडून लष्करी पुस्तके मिळवून दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात त्यांनी ती अभ्यासली. १ सप्टेंबर, १९३९ रोजी, जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले त्या दिवशी, होव्ह येथे ससेक्सचा डाव ३३ धावांत संपला. व्हेरिटींनी ९ धावांत ७ बळी घेतले. हा त्यांचा अखेरचा काउंटी सामना ठरला.

सैन्यात अधिकारी झाल्यावर १९४२ मध्ये त्यांची पलटण भारतात आली. रांची येथे त्यांना आमांशाने ग्रासले. पुढे इराण, सीरिया व इजिप्त असा प्रवास झाला. येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. तत्कालीन इंग्लिश क्रिकेटमध्ये कर्णधारपद हौशी खेळाडूंसाठी राखीव असल्यासारखे होते. वेतन घेऊन खेळणाऱ्या व्हेरिटींकडे ते येणे जवळपास अशक्य होते. सैन्याने मात्र त्यांच्या हाती एक अख्खी कंपनी सोपविली.

१९ जुलै, १९४३च्या रात्री सिसिलीतील कतानिया मैदानात ही कंपनी जर्मन ठाण्यांवर चालून गेली. पेटलेल्या पिकातून पुढे सरकताना व्हेरिटींच्या छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी सैनिकांना आगेकूच सुरू ठेवण्याचा आदेश दिला. अखेर कंपनीला माघार घ्यावी लागली व ते शत्रूच्या हाती सापडले. त्यांना इटलीच्या मुख्य भूमीवर नेण्यात आले. कासेर्ता येथील रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव होऊन वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. घरी मात्र ते बेपत्ता असल्याचेच कळले होते. मृत्यूची निश्चित वार्ता सप्टेंबरमध्ये पोहोचली.

१९४५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ ब्रॅडफर्ड येथे यॉर्कशायर व लँकेशायर यांच्यात सामना झाला. व्हेरिटी यांचे थडगे कासेर्ता येथील युद्धस्मशानभूमीत आहे. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघालेल्या इंग्लंड संघाचे जहाज नेपल्सला थांबले असता, कर्णधार लेन हटन यांनी काही सहकाऱ्यांसह त्याचे दर्शन घेतले.