दीवच्या खाडीतला एक दिवस

रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी समुद्राला मिळते. १५०८ च्या मार्च महिन्यात तिथल्या खाडीत, चौल बंदरासमोर, काही पोर्तुगीज जहाजं नांगर टाकून उभी होती. कोचीनच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांना सोबत म्हणून ती आली होती. त्यांचा सरदार लोरेन्सो द आल्मेदा हा हिंदुस्थानातल्या पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा. खाडीच्या तोंडाशी शिडं दिसली तेव्हा पोर्तुगीजांना वाटलं की होर्मुझकडून आल्बुकर्कच येतोय. जहाजं जवळ आली तेव्हा कळलं की हा इजिप्तच्या ममलूक सुलतानाचा आरमारी सरदार अमीर हुसेन अल कुर्दी आहे. पाठोपाठ दीवचा सुभेदार मलिक अय्याझ आपली गलबतं घेऊन आला.

लढाई काही दिवस चालली. शेवटी माघार घेताना लोरेन्सोच्या जहाजाला पाण्याच्या रेषेखाली भोक पडलं. पाणी भरून जड झालेलं जहाज प्रवाहाबरोबर भरकटलं आणि खाडीत मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांमध्ये अडकलं. ओढून नेणाऱ्या गलबताचा दोर तुटला. होडीत बसून निघून जायचा सल्ला लोरेन्सोने मानला नाही. पोर्तुगीज बखरकार लिहितात की तोफेच्या गोळ्याने मांडी फुटल्यावर तो डोलकाठीशी खुर्ची मांडून बसला आणि तिथूनच हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्याने त्याचा जीव घेतला. कोळ्यांच्या खांबांनी फिरंगी जहाज धरून ठेवलं, ही गोष्ट कोकणच्या इतिहासात खरं तर मोठ्या अक्षरांत लिहायला हवी.

पण या विजयाची किंमत वर्षभरातच चुकवावी लागली, आणि ती फक्त जिंकणाऱ्यांनाच नाही.

कैरोचा सुलतान इतक्या लांबून आरमार का पाठवतो, हे समजायला मिऱ्यांचा हिशेब पाहावा लागतो. मलबारचे मिरे अरबी समुद्रातून जेद्दाला, तिथून कैरो आणि अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसच्या गलबतांतून युरोपात जात. प्रत्येक टप्प्यावर जकात होती आणि तिच्यावर ममलूक सल्तनतीचा खजिना भरत होता. १४९८ मध्ये वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोहोचला आणि या वाटेला दुसरी वाट फुटली. पुढच्या काही वर्षांत अलेक्झांड्रियाच्या बाजारात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना पुरेसे मिरे मिळेनात. व्हेनिसच्या दरबारात १५०४ मध्ये सुएझजवळ कालवा खणायचा प्रस्ताव सुलतानापुढे ठेवावा की नाही, इथपर्यंत चर्चा गेली होती. ख्रिस्ती व्हेनिसला ख्रिस्ती पोर्तुगालपेक्षा मुस्लिम कैरो जवळचं वाटत होतं. या लढाईला धर्मयुद्ध म्हणणारे ही गोष्ट सोयीस्करपणे वगळतात.

तांबड्या समुद्राच्या काठी जहाजाजोगं लाकूड नाही. ते अनातोलियातून समुद्रमार्गे इजिप्तला यायचं आणि पुढे उंटांच्या पाठीवर वाळवंट ओलांडून सुएझला. तिथे जहाजं बांधून अमीर हुसेन १५०५ च्या अखेरीस निघाला. वाटेत जेद्दाची तटबंदी केली आणि दीव गाठायला त्याला दोन वर्षांच्या आसपास लागली. इथे त्याला गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याची साथ मिळाली, कालिकतच्या सामुद्री राजाची मिळाली. मलिक अय्याझची साथ मात्र अर्धीमुर्धीच होती. गुलाम म्हणून आलेल्या या हुशार माणसाने दीव हे सगळ्या किनाऱ्यावरचं एक श्रीमंत बंदर करून दाखवलं होतं. जिंकणारा कोणीही असो, बंदर जळता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं. चौलला पकडलेल्या पोर्तुगीज कैद्यांना त्याने मुद्दाम चांगलं वागवलं आणि बापाला मुलाच्या शौर्याची तारीफ करणारं पत्र पाठवलं.

मुलाच्या मरणाची बातमी कळल्यावर व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने सूड मनात धरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आफोंसो द आल्बुकर्क राजाचं पत्र घेऊन कण्णूरला त्याच्यापुढे उभा राहिला; आल्मेदाची मुदत संपली होती, कारभार आल्बुकर्ककडे द्यायचा होता. आल्मेदाने साफ नकार दिला. आधी रुमी, म्हणजे ममलूकांच्या, आरमाराचा हिशेब, मग कारभार. तो उत्तरेकडे निघाला आणि दाभोळवर आला.

वाशिष्ठीच्या मुखाशी असलेलं दाभोळ हे आदिलशाहीचं नांदतं बंदर. इथून घोड्यांचा आणि कापडाचा व्यापार चाले, हजच्या यात्रेकरूंची जहाजं सुटत. दाभोळच्या लोकांनी लोरेन्सोला मारलं नव्हतं. तरीही १५०८ च्या शेवटच्या दिवसांत पोर्तुगीजांनी गावात शिरून बाया, मुलं, जनावरं, काही म्हणता काही ठेवलं नाही. मग आग लावली. या किनाऱ्यावर नंतर कितीतरी दिवस लोक एकमेकांना शाप देताना दाभोळवर कोसळलेल्या फिरंग्यांच्या कोपाची आठवण काढत, असं खुद्द पोर्तुगीज बखरकारांनीच नोंदवलं आहे. जगाचा इतिहास बदलणाऱ्या लढायांच्या याद्यांत दीवचं नाव कधीमधी येतं. दाभोळचं येत नाही. आल्मेदाची वाट मात्र दाभोळच्या राखेतूनच दीवला गेली.

३ फेब्रुवारी १५०९ ला, सकाळ उलटून वारा आणि भरती जुळल्यावर, अठरा पोर्तुगीज जहाजं दीवच्या खाडीत शिरली. त्यांच्यावर दीड हजारांच्या आत-बाहेर पोर्तुगीज होते आणि चारेकशे कोचीनचे शिपाई. समोर ममलूकांची डझनभर जहाजं, गुजरातची काही मोठी गलबतं आणि कालिकतच्या छोट्या, चपळ होड्यांचा मोठा ताफा. माणसांचा आकडा बघितला तर पारडं दीवकडे झुकत होतं.

पण दोन्ही बाजू दोन वेगळ्या प्रकारची लढाई लढायला आल्या होत्या. अमीर हुसेनने जहाजं किनाऱ्याला लागून, किल्ल्याच्या तोफांच्या आडोशाला नांगरून ठेवली. भूमध्य समुद्रात शिकलेली ही रीत. वल्ह्यांनी चालणाऱ्या गॅलीच्या दोन्ही कडांना वल्हेकरी बसतात, म्हणून जड तोफ फक्त नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला बसवता येते. बाजूने कोणी आलं की ती तोफ निरुपयोगी. पोर्तुगीज जहाजं अटलांटिकच्या लाटांसाठी बांधलेली. उंच, जाड लाकडाची, खिळ्यांनी ठोकलेली. त्यांच्या कडेला ओळीने तोफा असत आणि गोळा पाण्यालगत, शत्रूच्या तळावर मारता येई. अरबी समुद्रातली पुष्कळ गलबतं तेव्हा काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधत. वाळूवर आपटलं तरी अशी गलबतं फुटत नाहीत, थोडी वाकतात. व्यापारासाठी ती उत्तमच होती. पण जड तोफेचा धक्का शिवणीला सोसत नाही.

पहिल्यांदा ‘सांतो एस्पिरितो’ हे जहाज पाण्याची खोली मापत आत घुसलं. त्याचा कप्तान नुनो वाझ परेरा त्या लढाईत मारला गेला, पण मागचे आत आले. जहाज जहाजाला भिडलं, दोर टाकून बांधलं गेलं, चिलखत घातलेले पोर्तुगीज पलीकडे उड्या मारू लागले. कालिकतच्या होड्या वळसा घालून पाठीमागून येऊ पाहत होत्या, तेव्हा ‘फ्रोल द ला मार’ या आपल्या मोठ्या जहाजावरून आल्मेदाने त्यांच्यावर तोफांचा मारा धरला. त्या होड्या वेगवान होत्या, त्यांतले धनुर्धारी कसबी होते. पण या माऱ्यापुढे त्यांना जवळ येताच आलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. अमीर हुसेन निसटला. मलिक अय्याझ स्वतः लढाईत उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कैदी परत केले आणि दीवच्या व्यापाऱ्यांकडून मोठी सुवर्ण खंडणी भरवली. बंदर वाचलं.

पकडलेल्या ममलूकांचं काय झालं, तेही सांगायलाच हवं. आल्मेदाने काहींना फाशी दिली, काहींना जाळलं, काहींना तोफेच्या तोंडी बांधून उडवलं. सुलतानाची शाही निशाणं पोर्तुगालला तोमारच्या मठात पाठवली गेली.

या एका दिवसाने काय बदललं? अरबी समुद्रात चाचे पूर्वीही होते, राजे बंदरात जकात घेत आणि अकराव्या शतकात चोळांचं आरमार पार सुमात्र्यापर्यंत जाऊन आलं होतं. पण भर समुद्रातून जाणाऱ्या प्रत्येक गलबताने कोणाची तरी परवानगी काढावी, ही कल्पना गुजराती, अरब, कोकणी किंवा मलबारी नाखव्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. दीवनंतर ती रोजची गोष्ट झाली. पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यावर गलबताचं आणि नाखव्याचं नाव, माल, हत्यारं, जायचं ठिकाण. परवाना नसेल तर गलबत जप्त. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिला सुरतेत जवळपास वर्षभर परवान्यासाठी थांबावं लागलं. दिल्लीच्या तख्ताची जमिनीवर कोणी बरोबरी करू शकत नव्हतं, पण समुद्रावर त्यालाही कागद लागत होता.

दीवनंतर हिंदी महासागरात तोफेला तोफेने उत्तर देणारं आरमार पुष्कळ काळ उरलं नाही. आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, तेही होनावरच्या तिमोजाच्या सल्ल्याने. दीवहून निसटलेले रुमी तिथे पुन्हा जहाजं उभारतायत ही बातमी त्यानेच दिली होती. १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. ममलूकांची सल्तनत १५१७ मध्ये उस्मानी तुर्कांनी बुडवली. इतिहासाच्या कडक नजरेने पाहिलं तर पोर्तुगीजांची मिऱ्यांवरची पकड कधीच पूर्ण नव्हती; सोळाव्या शतकाच्या मध्याला तांबड्या समुद्राची वाट पुन्हा वाहू लागली आणि व्हेनिसला मिरे मिळू लागले. पण परवान्याची रीत टिकली. पुढे डच आणि इंग्रजांनी ती उचलली.

कोकणानेही उचलली, उशिरा का होईना. शिवाजी महाराजांनी १६५० च्या दशकाच्या अखेरीस कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली, त्यासाठी पोर्तुगीज कारागीरही नेमले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांनी आपल्या नावाचं दस्तक, म्हणजे परवाना, काढलं. ते नसलेलं गलबत, इंग्रजांचं असो की पोर्तुगीजांचं, कान्होजी धरत. फिरंग्यांच्या हत्याराचं हे कोकणी उत्तर होतं. आज्ञापत्र वाचताना दीवची लढाई आठवली नाही तर आरमाराच्या त्या प्रकरणातली कळकळ पुरती पोहोचत नाही.

आल्मेदाला लिस्बन पुन्हा दिसलं नाही. परतीच्या वाटेवर, १ मार्च १५१० ला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी टेबल बे इथे पाण्यासाठी उतरलेल्या त्याच्या लोकांचं स्थानिक खोइखोइंशी भांडण झालं. सूड घ्यायला तो माणसं घेऊन किनाऱ्यावर गेला आणि तिथल्या वाळूत मारला गेला. तोफा जहाजावर राहिल्या होत्या.

दीवमध्ये किल्ला बांधायला पोर्तुगीजांना १५३५ पर्यंत वाट पाहावी लागली. तो त्यांनी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राखला. चौलला १५२१ मध्ये त्यांना ठाणं मिळालं आणि १७४० मध्ये ते मराठ्यांनी घेतलं. पण ज्या खाडीत लोरेन्सोचं जहाज खांबांत अडकलं, तिच्या दक्षिण तीरावर कोर्लई किल्ल्याखालच्या गावात ख्रिस्ती वस्ती राहिली. ती मराठी बोलते, आणि घरात अजून पोर्तुगीजपासून निघालेली, मराठीच्या वळणाने बांधलेली आपली बोली बोलते. तिला ते लोक ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा.