पाण्यावरची पाने आणि रंगाचे तीन साचे

४ ऑक्टोबर १९५३. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू हॅम्पशायर राज्यात पाँड ब्रूक नावाचा एक लहानसा ओढा आहे. एक्कावन्न वर्षांचा एक गृहस्थ तिवईवर मोठा कॅमेरा रोवून त्या ओढ्यातल्या एका डोहाचे छायाचित्र घेतो. चौकटीत डोंगर नाही, धबधबा नाही, क्षितिज तर नाहीच. आहे ते फक्त पाणी आणि त्यावर गळून पडलेली शरदातली पाने.

या गृहस्थाचे नाव इलियट पोर्टर. हे छायाचित्र पुढे अमेरिकेतील रंगीत छायाचित्रणाच्या इतिहासातील एक मान्यवर चित्र ठरले. एवढ्याशा डोहाचा धरणांच्या राजकारणाशी संबंध कसा जोडला गेला, याची ही कथा. तिच्या मध्यभागी मात्र एक तांत्रिक प्रश्न उभा आहे : छायाचित्रातला रंग ‘खरा’ असतो म्हणजे नेमके काय?

पाण्यावर वाहणारी लाल पाने हा विषय तसा पुरातन. जपानमधील तात्सुता नदी मेपलच्या पानांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे. थोर चित्रकार होकुसाई यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. शोगुनासमोर त्यांनी कागदावर निळ्या रंगाचा एक लांब पट्टा ओढला, कोंबड्याचे पाय लाल रंगात बुडवून त्याला कागदावरून पळवले आणि जाहीर केले की ही तात्सुता नदी व ही तिच्यातली पाने! गोष्ट खरी असो वा रचलेली, निळ्यावर लाल ठिपके पडले की डोळ्याला नदी दिसते, हे त्या सांगणाऱ्याला ठाऊक होते.

कॅमेऱ्याला मात्र हेच दृश्य दीर्घकाळ अशक्य होते. एकोणिसाव्या शतकातील ओल्या कलोडियनच्या काचा केवळ निळ्या, जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देत. तांबडा व पिवळा प्रकाश त्यांच्या लेखी अंधारच. परिणामी शरदातले झगमगते झाड छायाचित्रात कोळशासारखे काळे येई आणि पाण्यात उतरलेले निळे आकाश पांढरेफटक दिसे. जे सर्वांत उजळ ते सर्वांत काळे, असा उलटा न्याय.

१८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांच्या लक्षात आले की काचेवरील लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर तिची दृष्टी हिरव्यापर्यंत वाढते. १९०६ मध्ये सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. तरीही अडचण उरलीच. लाल पान आणि हिरवे पान यांची उजळता बहुधा सारखीच असते. कृष्णधवल चित्रात दोन्ही एकाच राखाडी छटेत विरघळून जातात. पानगळीचा सारा अर्थ रंगात आहे आणि माध्यमाकडे रंगच नाही, असा हा पेच होता.

निसर्गाची बाजूही थोडक्यात पाहावी. थंडी पडू लागली की पानातले हरितद्रव्य विघटित होते. त्याखाली दडलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये उघडी पडतात, तो पिवळा व नारिंगी रंग. लाल रंग मात्र दडलेला नसतो. मेपलसारख्या झाडांत तो त्या दिवसांतच अँथोसायनिनच्या रूपाने नव्याने तयार होतो. पान मरताना रंग निर्माण करते, ही गोष्ट कवीला सुचण्याआधी रसायनशास्त्रज्ञाला पटावी अशी आहे.

पोर्टर हे मुळात रसायनाचेच माणूस. जन्म १९०१, शिकागोजवळच्या विनेटका गावी. हार्वर्डमध्ये रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण, १९२९ मध्ये वैद्यकाची पदवी आणि त्यानंतर तेथेच जवळजवळ दहा वर्षे संशोधन व अध्यापन. छायाचित्रण हा आधी केवळ छंद होता. न्यूयॉर्कमधील आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी १९३८-३९ च्या हिवाळ्यात आपल्या ‘अ‍ॅन अमेरिकन प्लेस’ या दालनात त्यांची चित्रे मांडली. स्टिग्लिट्झ यांच्या दालनात जागा मिळणे म्हणजे त्या काळी राजमान्यताच. पोर्टर यांनी हार्वर्ड सोडले.

त्या प्रदर्शनातली चित्रे कृष्णधवल होती. रंगाकडे ते वळले ते एका व्यावहारिक नकारामुळे. पक्ष्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढावे म्हणून ते एका प्रकाशकाकडे गेले, तेव्हा उत्तर मिळाले की रंगाशिवाय पक्षी ओळखता येत नाहीत, मग अशा पुस्तकाचा उपयोग काय? कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ पासून उपलब्ध होती. ती घडवणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघेही पेशाने संगीतकार होते, हा इतिहासाचा आणखी एक गमतीदार योग. पोर्टर यांनी ती हाती घेतली आणि पुन्हा मागे वळून पाहिले नाही.

आता पुन्हा त्या ओढ्याकाठी. कॅमेरा मोठ्या पत्र्यांएवढ्या सुट्या फिल्मचा, चार इंच बाय पाच इंच. त्या काळच्या रंगीत फिल्मची प्रकाशसंवेदना अगदी मंद. शिवाय जवळचे व दूरचे पान सारखेच रेखीव हवे असेल तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते आणि मग झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्या अवधीत वाऱ्याची एक झुळूक पुरे, तरंगणारे पान पुसट होते. वाहते पाणी तर रेशमाच्या लडीसारखे लांबते. म्हणूनच ओढा जिथे क्षणभर थबकतो असा डोह छायाचित्रकाराला सोयीचा. ती निवड केवळ सौंदर्यदृष्टीची नव्हती, तांत्रिक मर्यादेचीही होती.

प्रकाशाचेही तसेच. कडक उन्हात ओल्या पानांवर पांढरे चकाकते डाग पडतात आणि सावल्या काळ्या ठिक्कर होतात. पोर्टर यांना ढगाळ दिवसाचा किंवा सावलीतला मवाळ उजेड प्रिय होता. परंतु सावलीत एक खोडी असते. तिथे सूर्य पोहोचत नाही, पोहोचतो तो आकाशाचा प्रकाश आणि तो निळा असतो. माणसाचा मेंदू हा निळेपणा आपोआप वजा करतो. पांढरा दगड सावलीतही आपल्याला पांढराच भासतो. फिल्म वजाबाकी करत नाही. म्हणून सावलीतले छायाचित्र पाहून लोक म्हणतात, रंग बिघडला. पोर्टर यांची भूमिका याच्या नेमकी उलट होती : तो रंग तिथे असतोच, पाहणारे तो पाहत नाहीत.

एवढे झाले तरी हाती येते ती एक पारदर्शिका. खरे कष्ट पुढेच. पारदर्शिकेतील उजेड-अंधाराची दरी इतकी मोठी असते की ती कागदावर मावत नाही. पाने नीट यावीत तर पाणी काळे, पाणी यावे तर पाने फिकट. यावर उपाय म्हणून तिच्यावरून एक फिकट कृष्णधवल निगेटिव्ह बनवत आणि ती पारदर्शिकेवर तंतोतंत बसवत. उजळ भागावर या ‘मास्क’चा पडदा येतो, गडद भाग मोकळा राहतो आणि दरी कमी होते. आज संगणकावर एक सरकपट्टी ओढून जे होते, ते त्या वेळी अंधाऱ्या खोलीत केसाएवढ्या अचूकतेने हातांनी करावे लागे.

मग येते डाय ट्रान्सफर ही पद्धत. कोडॅकने ती १९४० च्या दशकात या नावाने बाजारात आणली. पारदर्शिकेवरून लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशात तीन स्वतंत्र कृष्णधवल निगेटिव्ह घ्यायच्या. तत्त्व जुनेच आहे. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये तीन फिल्टरांतून घेतलेली रंगीत फितीची प्रतिमा पडद्यावर दाखवली होती. महाराष्ट्रातही तिरंगी छपाईचे हे शास्त्र नवखे नव्हते. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके छपाईच्याच धंद्यात होते आणि त्यातील नवे तंत्र व यंत्रे मिळवण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते.

तीन निगेटिव्हवरून जिलेटिनचे तीन साचे घडवतात. खास विकासकामुळे प्रकाश लागलेल्या जागी जिलेटिन घट्ट होते आणि उरलेले गरम पाण्यात वाहून जाते. मागे राहतो तो एक सूक्ष्म उठाव : कुठे जाड, कुठे पातळ. हा साचा रंगाच्या द्रावणात बुडवला की जाड भाग अधिक रंग पितो, पातळ भाग कमी. मग निळसर सायन, किरमिजी आणि पिवळा असे तीन साचे एकाच कागदावर एकामागून एक दाबून ठेवायचे आणि रंग कागदात उतरू द्यायचा. एकही साचा किंचित सरकला की प्रत्येक पानाला रंगीत झालर लागते आणि सगळी मेहनत फुकट.

हीच किमया चित्रपटांच्या टेक्निकलर प्रतींमागेही होती. योगायोग असा की पाँड ब्रूकचे छायाचित्र ज्या वर्षी घेतले गेले त्याच १९५३ साली सोहराब मोदींचा ‘झाँसी की रानी’ प्रदर्शित झाला. भारतातील पहिला टेक्निकलर चित्रपट म्हणून तो ओळखला जातो.

या पद्धतीत प्रत्येक रंगाची सूत्रे स्वतंत्रपणे हाती राहत. द्रावणाची आम्लता बदलली, धुण्याचे पाणी बदलले की किरमिजी थोडा वाढवता येई, पिवळा थोडा उतरवता येई. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे पोर्टर यांचे स्नेही. परंतु कलावंताला जितका ताबा हवा तितका रंगात मिळत नाही, अशी शंका त्यांना कायम होती. पोर्टर यांच्या प्रती हेच त्या शंकेला दिलेले उत्तर मानावे लागते. अर्थात ताबा आला की जबाबदारीही आली. ‘निसर्गात होते तेच दाखवले’ असे म्हणणारा माणूस किरमिजी किती घालायचा हे स्वतःच ठरवत होता. या विसंगतीवरून पोर्टर यांना खोटे ठरवणे सोपे आहे, पण ते उथळ ठरेल. फिल्मही रंग नोंदवताना चुकतेच. ती चूक दुरुस्त करायची तर कोणाच्या तरी स्मृतीवर भरवसा ठेवावाच लागतो.

ही चित्रे बरीच वर्षे कोणी छापली नाहीत. रंगीत छपाई महाग होती. अखेर सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेचे कार्यकारी संचालक डेव्हिड ब्रॉवर यांनी धाडस केले. १९६२ मध्ये, हेन्री डेव्हिड थोरो यांच्या मृत्यूच्या शताब्दी वर्षात, ‘इन वाइल्डनेस इज द प्रिझर्व्हेशन ऑफ द वर्ल्ड’ हे पुस्तक निघाले. एका बाजूला थोरोंचे उतारे, दुसऱ्या बाजूला पोर्टर यांची ऋतुचित्रे. किंमत २५ डॉलर, त्या काळी डोळे पांढरे करणारी. तरीही ते धडाक्याने खपले.

या यशामागे एक जखमही होती. १९५० च्या दशकात कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात धरणे बांधण्याची मोठी योजना आली. एको पार्क येथील धरण सिएरा क्लबने लढून रद्द करवले, परंतु १९५६ च्या त्या तडजोडीत ग्लेन कॅन्यनचे धरण मान्य झाले. ब्रॉवर यांनी तोवर ग्लेन कॅन्यन पाहिलेच नव्हते. पाहिले तेव्हा काय गमावले ते कळले आणि त्याचा सल त्यांना जन्मभर राहिला.

पोर्टर १९६० पासून त्या घळींतून नावेने फिरले. न्यू हॅम्पशायरच्या ओढ्यावर जे शिकले तेच त्यांनी तिथे वापरले : ओल्या खडकावर उतरलेले आकाश, सावलीतली निळाई, जवळून टिपलेला तपशील. १९६३ मध्ये धरणामागे पाणी साठू लागले आणि त्याच वर्षी त्यांचे ‘द प्लेस नो वन न्यू’ प्रसिद्ध झाले. जागा वाचवायला ते उशिरा आले. पण पुढे ग्रँड कॅन्यनमध्ये धरणे बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा हे बुडालेले उदाहरण लोकांसमोर होते. १९६८ च्या कायद्यातून ती धरणे वगळली गेली.

या पुस्तकांवर एक आक्षेप रास्त आहे. त्यांत माणूस जवळजवळ नाहीच. न्यू हॅम्पशायरच्या वनांत अबेनाकी लोकांची आणि ग्लेन कॅन्यनच्या परिसरात नवाहो व त्यांच्याही आधीच्या प्वेब्लो पूर्वजांची वस्ती होती. ‘अस्पर्शित निसर्ग’ ही कल्पना सुंदर चित्रांमुळे अधिक घट्ट झाली, हे नाकारता येत नाही.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘इंटिमेट लँडस्केप्स’ हे पोर्टर यांचे प्रदर्शन भरवले. एकाच छायाचित्रकाराच्या रंगीत चित्रांना त्या संग्रहालयाने असा मान प्रथमच दिला होता. १९९० मध्ये पोर्टर निवर्तले आणि त्यांचा संग्रह टेक्सासमधील अमॉन कार्टर संग्रहालयाकडे गेला. १९९४ मध्ये कोडॅकने डाय ट्रान्सफरची सामग्री बनवणे थांबवले.

ग्लेन कॅन्यनचा जलाशय १९८० मध्ये पूर्ण भरला होता. दीर्घ दुष्काळामुळे २०२३ च्या प्रारंभी त्याची पातळी भरल्यानंतरच्या नीचांकाला गेली आणि बुडालेल्या काही घळी पुन्हा उघड्या पडल्या. त्यांच्या भिंतींवर आता क्षारांचा पांढरा थर आहे. त्याखालचा खडक १९६३ पूर्वी कोणत्या रंगाचा दिसत असे, हे पाहायचे तर पोर्टर यांच्या त्या तीन साच्यांतून उतरलेल्या प्रतींकडेच जावे लागते.