थायमस, कोंबडी आणि दोन अक्षरे

'टी-पेशी' आणि 'बी-पेशी' हे शब्द २०२० सालच्या करोनासाथीत वर्तमानपत्रांतूनही वाचायला मिळाले. त्यांतील दोन अक्षरांची व्युत्पत्ती शोधू गेल्यास आपण कोंबडीच्या खुराड्यापाशी येऊन पोहोचतो.

टी हे 'थायमस'चे आद्याक्षर. मराठी परिभाषेत हीच यौवनलोपी ग्रंथी. वयात येताच ती आक्रसू लागते, आणि प्रौढ प्राण्यातून काढून टाकली तरी फारसे बिघडताना दिसत नाही. म्हणूनच तिचे कार्य दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९६१ साली लंडनमध्ये झाक मिलर यांनी नवजात उंदरांतून ती काढली, तेव्हा पिल्ले संसर्गांना बळी पडू लागली आणि परकी त्वचाही त्यांच्या अंगावर टिकू लागली. परंतु शरीराचे सारे संरक्षण हीच ग्रंथी करते काय? त्याचे उत्तर एकट्या उंदराकडून मिळणे अवघड होते.

ते कोंबडीने दिले. तिच्या मानेत दोन्ही बाजूंना, शिरेलगत, थायमसचे फिकट खंड माळेसारखे ओवलेले असतात. शेपटीकडच्या टोकाला 'फॅब्रिशियसची पिशवी', म्हणजेच बर्सा, असते. ही पिशवी काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे तयार होत नाहीत, हे ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांनी १९५६ साली दाखवले. 'सायन्स'ने नाकारलेला त्यांचा निबंध 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला आणि बराच काळ उपेक्षित राहिला.

१९६२ साली मेलबर्नमध्ये झेनबर्ग व वॉर्नर यांनी या दोन अवयवांची कार्ये वेगळी असल्याचे दाखवले. १९६५ साली मिनेसोटात मॅक्स कूपर व सहकाऱ्यांनी नुकत्याच उबलेल्या पिल्लांतून कधी थायमस, तर कधी बर्सा काढून क्ष-किरणांचा मारा केला. बर्सा गेलेली पिल्ले प्रतिपिंडांना मुकली. थायमस गेलेल्यांची पेशींमार्फत होणारी प्रतिकारशक्ती खालावली. अर्थात ही फाळणी संपूर्ण नव्हे. बहुतेक प्रतिपिंडे घडवतानाही टी-पेशींचे साहाय्य लागते, हे पुढे उमगले.

माणसाला बर्सा नाही. आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेत घडतात. तरीही 'बी' हे अक्षर त्या पिशवीचेच राहिले. २०१९ साली मिलर व कूपर यांना लास्कर पुरस्कार मिळाला. ग्लिक यांचे नाव मात्र सामान्य वाचकाच्या कानावरही नसते. विद्येच्या क्षेत्रात 'किरकोळ' ठरवलेल्या नियतकालिकाकडे पाठ फिरवताना आपण काय गमावतो, याचे स्मरण हे एक अक्षर देत राहते.