मोटरसायकलचा ड्राइव्ह बेल्ट व पुली : घरी बदलताना घ्यावयाची काळजी

गिअरबॉक्समधील शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचविण्याचे काम बहुतेक भारतीय मोटरसायकलींत साखळी करते. मोजक्या गाड्यांत ते दातेरी पट्ट्याकडे, म्हणजेच ड्राइव्ह बेल्टकडे असते. हार्ले-डेव्हिडसनने १९८० मधील ‘स्टर्जिस’ या मॉडेलमध्ये असा बेल्ट बसविला आणि पुढे तो या कंपनीच्या गाड्यांची ओळख ठरला. भारतात २०१४ मध्ये आलेली ‘स्ट्रीट ७५०’ ही गाडीही बेल्टवर चालते. कंपनीने २०२० मध्ये हरियाणातील बावल येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला आणि विक्री व सेवेची जबाबदारी हीरो मोटोकॉर्पकडे गेली. त्या काळातील गाड्या आता जुन्या होत असून त्यांच्या मालकांसमोर बेल्ट बदलण्याचा प्रश्न उभा राहतो. गिअरविरहित स्कूटरच्या इंजिनाशेजारील आवरणात असणारा रबरी बेल्ट मात्र वेगळा. त्याची पद्धत येथे लागू होत नाही.

बेल्टची रचना

बेल्टचा बाह्य भाग पॉलियुरेथेनसारख्या टिकाऊ द्रव्याचा, तर आतील ताण सोसणाऱ्या दोऱ्या अरामिड किंवा कार्बन तंतूंच्या असतात. त्याला तेल किंवा ग्रीस लागत नाही. मात्र हे तंतू ताणाला जितके बळकट, तितकेच घडीला नाजूक असतात. नवा बेल्ट दुमडला, उलट्या बाजूने वाकविला किंवा पुढच्या पुलीच्या व्यासापेक्षा लहान वेटोळ्यात बांधला, तर आतील तंतू तुटतात. बाहेरून काहीही दिसत नाही आणि असा बेल्ट पुढे भर रस्त्यात तुटू शकतो. दुकानातून घडी घातलेला बेल्ट मिळाल्यास तो स्वीकारू नये.

कधी बदलावा?

दातांच्या आतील बाजूस केसासारख्या बारीक भेगा असल्यास लक्ष ठेवून गाडी चालविता येते. दातांवर बाहेरून दिसणाऱ्या भेगा, तुटलेले दात, आकड्यासारखी झीज किंवा कडेला खड्यामुळे पडलेले छिद्र आढळल्यास बेल्ट बदलणे आवश्यक ठरते.

त्याच वेळी पुली तपासणे महत्त्वाचे आहे. अनेक गाड्यांत मागची पुली अॅल्युमिनियमची असून तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो. टोकदार अवजार खाचेच्या तळावरून मध्यम दाबाने ओढावे. ते खूण न उमटविता घसरले, तर मुलामा शाबूत आहे. ते रुतले आणि चरा पडला, तर मुलामा झिजला आहे, असे समजावे. झिजलेल्या पुलीवर बसविलेला नवा बेल्ट लवकर निकामी होतो; म्हणून अधिक चाललेल्या गाडीत बेल्ट आणि दोन्ही पुली एकत्रच बदलाव्यात.

कामाचा क्रम

गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर घ्यावी, इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. बेल्टचे आवरण काढून एक्सलचा नट सैल करावा, दोन्ही बाजूंचे ताण-स्क्रू मोकळे करावेत व चाक पुढे सरकवून बेल्ट उतरवावा. बेल्ट अखंड असल्याने तो पूर्ण बाहेर काढण्यासाठी काही गाड्यांत शॉक अॅब्सॉर्बर किंवा स्विंगआर्मही सोडवावे लागते. पुढच्या पुलीचा नट काही मॉडेलांत उलट आट्यांचा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास आटे खराब होतात. त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय त्याला पाना लावू नये. बेल्ट दात्यांवर चढविण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हरची पहार करू नये. जुनाच बेल्ट पुन्हा बसवायचा असल्यास तो पूर्वीच्याच दिशेने फिरेल, याची खात्री करावी.

ताण आणि सरळ रेषा

ताण थंड बेल्टवरच मोजावा. चाक हाताने फिरवून बेल्ट सर्वाधिक घट्ट असलेली जागा शोधावी व तेथे मोजमाप घ्यावे. हार्ले-डेव्हिडसनच्या पद्धतीत खालच्या पट्टीच्या मध्यावर सुमारे ४.५ किलोग्रॅमचा दाब देऊन बेल्ट किती हलतो, हे पाहिले जाते. अपेक्षित अंतर मॉडेलनुसार बदलते. फाजील ताणामुळे बेअरिंगवर भार येतो, तर सैल बेल्ट दात सोडून उडी मारतो. दोन्ही बाजूंचे ताण-स्क्रू समान फिरवावेत. बेल्ट पुलीच्या कडेला घासत असल्यास चाक तिरके बसले आहे, असे समजावे. ताण जुळविताना इंजिन कधीही सुरू करू नये. बेल्ट आणि पुली यांच्या फटीत सापडलेले बोट वाचत नाही.

कोठे थांबावे?

एक्सल व पुलीचे नट मॅन्युअलमधील मापानुसार टॉर्क पान्यानेच आवळावेत. हा पाना उपलब्ध नसल्यास हे काम घरी करू नये. ज्या गाड्यांत पुढची पुली प्रायमरी आवरणामागे असते, त्यांत ते आवरण उघडावे लागते. तेथे अनुभवी मेकॅनिकची मदत घेणे श्रेयस्कर. विद्युत दुचाकींचा बेल्ट अधिकृत सेवा केंद्रातच बदलून घ्यावा.

काम संपल्यावर मागच्या ब्रेकचे पेडल टणक लागेपर्यंत दाबावे, चाक हाताने फिरवून घर्षणाचा आवाज ऐकावा आणि पहिली फेरी मंद गतीने मारावी. गाडी थंड झाल्यावर ताण आणि नट पुन्हा तपासल्याखेरीज लांबच्या प्रवासाला निघू नये.