कॅम्पर ट्रेलर : खाऱ्या हवेत टिकेल तो खरा

रेवस : धरमतर खाडीच्या मुखावर वसलेल्या रेवस बंदरापासून थेट सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत जाणाऱ्या सागरी महामार्गाची कल्पना १९८० च्या सुमारास बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात पुढे आली. शेजारच्या मांडव्याला २०२० मध्ये मुंबईहून रो-रो बोट सुरू झाली आणि वाहन थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. साहजिकच मोटारीमागे जोडून नेता येणारे चाकांवरचे घर, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, या किनाऱ्यावर घेऊन येण्याचा वा भाड्याने देण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. मात्र कोरड्या पठारावर उत्तम चालणारा ट्रेलर कोकण किनाऱ्यावर तितकाच टिकेल, याची खात्री देता येत नाही. येथील हवेत मीठ आहे आणि वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे खरेदी करताना आतील गादी-पडद्यांपेक्षा बांधणी पाहणे अगत्याचे ठरते.

सांगाडा : ट्रेलरचे आयुष्य प्रथम त्याच्या लोखंडी सांगाड्यावर ठरते. नुसता रंग दिलेला सांगाडा खाऱ्या हवेत फार काळ तग धरत नाही. रंगाला एक ओरखडा गेला की गंज आत शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला (हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड) सांगाडा अधिक भरवशाचा असतो. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर असा थर साधारण ७० मायक्रॉनचा असतो, तर विजेच्या साहाय्याने चढविलेला जस्ताचा मुलामा बहुधा ५ ते २५ मायक्रॉनचाच असतो. दोन्ही चमकतात, त्यामुळे नुसत्या नजरेने फसगत होते. जस्त चढविल्यानंतर भोके पाडली किंवा वेल्डिंग केले, तर नेमक्या त्याच जागी संरक्षण संपते. चौकोनी पोकळ नळीच्या सांगाड्याला पाणी निचरण्यासाठी छिद्रे आहेत का, हेही पाहावे. अशी नळी आतून कुजली तरी बाहेरून कळत नाही.

भिंती व सांधे : ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी चौकटीवर थेट ठोकला आणि मध्ये खारे पाणी साचले, तर दोन धातूंच्या संयोगाने ॲल्युमिनियम झिजू लागते. दोहोंमध्ये रबर वा नायलॉनची चकती असणे त्यामुळे आवश्यक आहे. स्क्रू व बिजागऱ्यांसाठी ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील किनाऱ्यावर अधिक टिकते. प्लायवूड असल्यास ते आयएस ७१० या मानकाचे, म्हणजे मरीन प्लाय आहे का, हे विचारावे. फायबरची काया गंजत नाही, परंतु आतील लाकडी गाभ्यात पाणी शिरल्यास थर सुटू लागतात. बहुतेक गळती छताचा कोपरा, खिडकीची चौकट आणि दिव्याच्या वायरीसाठी पाडलेले भोक येथूनच होते. जुना ट्रेलर घेताना या जागा बोटांनी दाबून पाहाव्यात. मऊ लागल्या अथवा कुबट वास आला, तर व्यवहार थांबवावा.

चाके : प्रवाशांच्या जिवाशी थेट संबंध येतो तो येथे. पुळणीवर ट्रेलर पाण्यात उतरविण्याचा मोह टाळावा. धावून तापलेला चाकाचा तुंबा थंड पाण्यात गेला की आतील हवा आकुंचन पावते, खारे पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंग खराब होते. तसे घडल्यास ग्रीस त्वरित बदलावे. टायरच्या कडेवरील चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. फार काळ एकाच जागी उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असूनही आतून तडकलेले असू शकतात. सामान मागच्या टोकाला भरल्यास वेगात ट्रेलर डोलू लागतो. म्हणून जड वस्तू धुऱ्याच्या आसपास व तळाशी ठेवाव्यात.

निगा : कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तळ खरवडतात, सांधे पुन्हा बुजवितात. ट्रेलरलाही हीच शिस्त हवी. प्रत्येक सफरीनंतर सांगाडा खालून गोड्या पाण्याने धुवावा. पावसाळ्यापूर्वी सर्व सांध्यांचे सीलंट तपासावे. मुक्कामी ठेवताना ताडपत्री घट्ट न आवळता हवा खेळती राहील अशी बांधावी.

पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी कर्ज काढून ट्रेलर घेणाऱ्याने तर हा हिशेब आधीच मांडावा. हप्ते संपण्याआधी सांगाडा संपला, तर धंदा तोट्यातच जाणार. म्हणूनच विक्रेत्याकडे चकचकीत पत्रकाबरोबरच ट्रेलर उचलून त्याचा तळ दाखविण्याचा आग्रह धरावा.